८० मिनिटांच्या सीडीत ८२ मिनिटं १४ सेकंद बसवायची आहेत

अर्धीफीत | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वेळ वाचनमात्र असतो, पण आज अडलोय.

वडिलांनी स्वतःच्या आठवणी लिहून काढल्या होत्या आणि त्या एकदा बसून कॅसेटवर वाचल्या होत्या. ९० मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू. ती मी संगणकावर उतरवून घेतली, बाजू उलटतानाची खुडबूड काढून टाकली आणि जे उरलं ते भरलं ८२ मिनिटं १४ सेकंद. आता याची ऑडिओ सीडी करून आत्याला द्यायची आहे. तिच्याकडचा प्लेअर साध्या ऑडिओ सीडीशिवाय काहीही वाजवत नाही. दोन सीड्या केल्या तर उपयोग नाही. तिला आता नीट दिसत नाही, बटण दाबता येतं पण तबकडी बदलणं जमत नाही.

कोऱ्या सीडीवर छापलंय ८० मिनिटं, ७०० एमबी. सॉफ्टवेअर म्हणतं जागा पुरत नाही. पण त्याच सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये 'ओव्हरबर्न' असं काहीतरी दिसलं. जास्तीचं खरंच बसतं का? की सीडीची वाट लागते? आणि रायटरला काही इजा?

आळशी_उंट | शनिवार, रात्री १०:२०

आत्याला पेन ड्राइव्हवाला प्लेअर घेऊन द्या. हाकानाका.

अर्धीफीत | शनिवार, रात्री १०:२६

उंटराव, दिला होता. नव्या यंत्रावरची बटणं तिला सापडत नाहीत. जुन्यावरची न बघता सापडतात.

सेक्टर२३५२ | शनिवार, रात्री ११:०५

बसतं. सगळ्याच सीड्यांत नाही, सगळ्याच रायटरवर नाही, पण ८२:१४ हा आकडा आवाक्यातला आहे.

आधी हे समजून घ्या की सीडीवर छापलेला आकडा रायटर वाचत नाही. कोऱ्या सीडीवर कारखान्यातच एक सर्पिल खोबण पाडलेली असते आणि ती अगदी किंचित नागमोडी असते. त्या नागमोडीत घड्याळ लपवलेलं असतं. लेझर खोबणीवरून सरकताना त्याला कळत राहतं की आपण आत्ता अमुक मिनिट, अमुक सेकंदावर आहोत. याला एटिप म्हणतात. त्याच एटिपमध्ये आणखी एक नोंद असते, ती म्हणजे 'लीड-आउट जास्तीत जास्त इथून सुरू करा'. तुमच्या सीडीत ती ७९:५७ किंवा ७९:५९ च्या आसपास असेल. सॉफ्टवेअर ती नोंद वाचतं आणि जागा संपली म्हणून सांगतं.

खोबण मात्र तिथे संपत नाही. लीड-आउट म्हणजे शेवटची रिकामी पट्टी, तीही कुठेतरी लिहायचीच असते. पहिल्या सत्राचा (म्हणजे एका खेपेच्या लिखाणाचा) लीड-आउट ९० सेकंदांचा, म्हणजे ६७५० सेक्टर (सीडीवर लिहिण्याचे छोटे कप्पे). शिवाय कारखानदार त्याच्याही पुढे थोडी खोबण ठेवतो, कारण प्रत्येक तबकडी काटेकोर सारखी निघत नाही. ओव्हरबर्न करणारा हीच जागा खातो, आधी लीड-आउटची आणि मग कारखानदाराने सोडलेली.

तुमचं जास्तीचं आहे १३७ सेकंद. यातले ९० लीड-आउटच्या जागेत जातील. उरलेले ४७ कारखानदाराच्या मर्जीवर.

आळशी_उंट | शनिवार, रात्री ११:११

म्हणजे एसटीत दारातल्या पायरीवर उभं राहून प्रवास. (दिवा घ्या)

सेक्टर२३५२ | शनिवार, रात्री ११:१४

बरोबर. आणि पायरी किती रुंद आहे हे गाडीगणिक वेगळं.

धूळपाटी | रविवार, सकाळी ८:४०

माहितीपूर्ण प्रतिसाद, पण एक खडा टाकते. मी जुनी ध्वनिमुद्रणं सांभाळण्याचं काम करते. आमच्याकडे ओव्हरबर्न केलेली सीडी आली की मी ती रांगेत सगळ्यात आधी काढते, कारण ती सगळ्यात आधी जाणार हे ठरलेलं असतं.

तबकडी कडेनेच खराब होते. आपण तिला धरतो कडेने. ओल आत शिरते कडेने, कारण वरच्या लॅकरचं शिवण तिथेच असतं आणि आतला परावर्तक थर काळवंडायला तिथूनच सुरुवात होते. जिच्यावर लिहिलं जातं ती रंगद्रव्याची शाई फिरत्या तबकडीवर ओतून पसरवलेली असते, म्हणून अगदी काठाशी तिची जाडी एकसारखी राहत नाही. एक कोरी सीडी दिव्याखाली तिरकी धरून बघा. बाहेरच्या काठाला एक पारदर्शक कडं दिसेल. तिथे शाईच नाही. तुमचे शेवटचे १३७ सेकंद त्या कड्याच्या दाराशी जाऊन बसणार.

आत्याला ऐकायला द्यायची असेल तर जरूर करा. पण हीच एकमेव प्रत समजून कॅसेट टाकून देऊ नका. संगणकावरची मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, तीही एमपी३ न करता.

अर्धीफीत | रविवार, सकाळी ९:०२

धूळपाटीताई, कॅसेट कपाटात आहे आणि मूळ फाइल दोन डिस्कवर. ते आधीच केलंय. सीडी फक्त आत्यासाठी.

जुनाखोका | रविवार, सकाळी ९:३०

वा! किती वर्षांनी हा शब्द ऐकला. एके काळी आम्ही याच्यावर रात्री जागवल्यात. नव्वद मिनिटांच्या सीड्याही मिळायच्या की! तसली एखादी शोधा, प्रश्न मिटला.

सेक्टर२३५२ | रविवार, सकाळी १०:४८

खोकाशेठ, मिटत नाही, वाढतो. थोडं गणित करू या, रविवार आहे.

सीडी १२० मिलिमीटर व्यासाची. मजकूर सुरू होतो मध्यापासून २५ मिलिमीटरवर आणि नियमाप्रमाणे संपायला हवा ५८ वर. या दोन वर्तुळांमधल्या कड्याचं क्षेत्रफळ काढा: पाय गुणिले, ५८ चा वर्ग वजा २५ चा वर्ग. उत्तर सुमारे ८६०५ चौरस मिलिमीटर. आता दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन धरा. क्षेत्रफळाला त्याने भागलं की सर्पिलाची लांबी येते जवळपास ५.४ किलोमीटर. सीडी सेकंदाला किमान १.२ मीटर या वेगाने वाचली जाते. भागाकार केला की उत्तर पावणेपंच्याहत्तर मिनिटं. ही झाली आपली जुनी ७४ मिनिटांची, ६५० एमबीची सीडी.

८० मिनिटांची कशी झाली? फेऱ्यांमधलं अंतर १.५ मायक्रॉन केलं. तेच क्षेत्रफळ, लांबी ५.७ किलोमीटर, वेळ ७९.७ मिनिटं. नियमात १.६ च्या वरखाली ०.१ ची सूट आहे. म्हणजे ८० मिनिटांची सीडी आधीच सूट संपवून बसलेली आहे. बाजारात 'साधी' म्हणून मिळणारी सीडी नियमाच्या काठावर उभी असते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

आता ९० मिनिटं काढायची तर अंतर १.३३ च्या आसपास आणावं लागतं. ९९ साठी १.२. हे नियमाच्या पार बाहेर. लेझरचा ठिपका तेवढाच राहिला आणि फेऱ्या जवळ आल्या की शेजारच्या फेरीचा आवाज, म्हणजे तिचा सिग्नल, यात मिसळतो. नवी संगणकाची ड्राइव्ह सांभाळून घेईल. आत्याचा जुना प्लेअर घेईल याची खात्री कोणी देऊ नये.

शिवाय एक गंमत. एटिपच्या घड्याळात ८० च्या पुढची मिनिटं आतल्या भागासाठी, म्हणजे लीड-इनसाठी वापरलेली असतात. त्यामुळे ९० मिनिटांची सीडीसुद्धा रायटरला आपलं वय ८०च सांगते! म्हणजे तिच्यावरची वरची १० मिनिटं वापरायची तर ओव्हरबर्नच करावं लागतं. आणि ९९ वाल्या सीडीचं तर आणखी अवघड. ड्राइव्हच्या आज्ञांमध्ये ९० मिनिटांपुढचे पत्ते शून्याच्या अलीकडचे, म्हणजे ऋण, धरले जातात. ८९:५९:७४ (मिनिट, सेकंद आणि सेकंदाचे पंचाहत्तरावे भाग) च्या पुढे गेलात की ड्राइव्हला वाटतं तुम्ही मागे आलात.

जुनाखोका | रविवार, सकाळी ११:०३

हेच! हेच व्हायचं! माझी ९९ वाली सीडी शेवटाला येऊन कधी पुन्हा पहिलं गाणं वाजवायची, कधी नुसती गप्प बसायची. मी तेव्हा सीडीला भूत लागलंय म्हणून मित्राला देऊन टाकली. इतक्या वर्षांनी शंकानिरसन झालं.

चकरी | रविवार, दुपारी १२:१५

डेटा सीडीवाल्यांनी माझ्या अनुभवावरून शहाणं व्हा. फोल्डर ७१२ एमबी. ८० मिनिटांच्या सीडीत ३,६०,००० सेक्टर, प्रत्येकी २०४८ बाइट, म्हणजे ७०३ एमबी. नऊ एमबी जास्त, लीड-आउटच्या जागेत सहज मावतील असा हिशोब केला. तो हिशोब चुकला नव्हता. लिहून झालं, सीडी बाहेर आली, परत घातली, सगळ्या फाइली यादीत दिसल्या. मी खूश. संगणकावरचं उडवलं.

दोन महिन्यांनी शेवटची फाइल उघडायला गेलो तर ड्राइव्ह घरघरत बसली. कारण सीडीवरच्या फाइलींची यादी सगळ्यात पुढे, अगदी सुरुवातीच्या सेक्टरांत लिहिलेली असते. शेपूट तुटलं तरी यादी शाबूत. यादी दिसली म्हणजे सीडी चांगली, हे डोक्यातून काढून टाका. प्रत्येक फाइल परत वाचून मूळ फाइलशी ताडून बघितल्याशिवाय मूळ उडवू नका.

धूळपाटी | रविवार, दुपारी १२:२२

+१००. आणि ताडून बघणं दुसऱ्या ड्राइव्हवर. जिने लिहिलं ती ड्राइव्ह स्वतःचं अक्षर वाचतेच.

मी_विचारतो | रविवार, दुपारी १:१०

धागा हायजॅक करत नाही, पण शेजारचाच प्रश्न आहे. माझं एक फोल्डर ४.५ जीबी आहे आणि डीव्हीडी ४.७ जीबीची. तरी सॉफ्टवेअर म्हणतं बसत नाही. इथेही ओव्हरबर्न चालेल का?

सेक्टर२३५२ | रविवार, दुपारी १:४५

तुमची अडचण ओव्हरबर्नची नाही, मोजमापाची आहे. डीव्हीडीवाले जीबी मोजतात अब्जावर, म्हणजे ४.७ अब्ज बाइट. तुमचा संगणक बहुधा १०२४ च्या पटीत मोजतोय. त्याच्या भाषेत डीव्हीडी ४.३८ जीबीची. तुम्हाला सव्वाशे एमबी कमी पडतायत. एवढं डीव्हीडीवर जास्तीचं बसत नाही. तिथे ओव्हरबर्न मुळातच फार थोड्या ड्राइव्हवर जमतं, आणि जमलं तरी चिमूटभर. (सीडीवाल्यांनी ७०० एमबी मात्र १०२४ च्याच पटीत मोजले. दोन घरांत दोन शेर.)

थोडक्यासाठी अडलं असेल तर एक सरळमार्गी युक्ती आहे. डीव्हीडी प्लस आरमध्ये ४,७०,०३,७२,९९२ बाइट मावतात आणि डीव्हीडी मायनस आरमध्ये ४,७०,७३,१९,८०८. फरक साडेसहा एमबीचा. दोन-चार एमबीने प्लसमध्ये मावत नसलेली फाइल मायनसमध्ये विनातक्रार बसते.

ब्लू-रेवरही तसंच. बीडी-आर (एकदा लिहिता येणारी ब्लू-रे) लिहिण्याआधी फॉरमॅट केली की खराब जागांच्या बदली वापरायला राखीव पट्टी सोडली जाते आणि हातात २४.२२ अब्ज बाइट उरतात. राखीव पट्टी नको म्हटलं की पुरे २५.०२ अब्ज. हे ओव्हरबर्न नव्हे, नियमातच आहे. फक्त मग लिहिताना एखादी जागा खराब निघाली तर बदली खेळाडू नाही.

मी_विचारतो | रविवार, दुपारी १:५२

आभार. फोल्डरमधून दोन व्हिडिओ काढतो. सोपं आहे.

आळशी_उंट | रविवार, दुपारी २:०५

अर्धीफीत, डोकं लावलंय. आवाजाची पट्टी न बदलता गती तीन टक्के वाढवायची. ४९३४ सेकंद भागिले १.०३ म्हणजे ४७९०, म्हणजे ७९:५०. सरळ सीडीत. ओव्हरबर्न वगैरे काही नको. तीन टक्के कुणाच्या बापाला कळणार आहेत?

अर्धीफीत | रविवार, दुपारी २:३१

गणित बरोबर आहे. करून ऐकलंसुद्धा. पण बाबांना वाक्य संपल्यावर थांबायची सवय होती, जरा जास्तच. त्यांची बहीण तेवढंच ओळखते. गती वाढवली की ते घाईत असल्यासारखे वाटतात, आणि ते आयुष्यात कधी घाईत नव्हते.

आळशी_उंट | रविवार, दुपारी २:३३

समजलं. शब्द मागे घेतो.

सेक्टर२३५२ | रविवार, दुपारी ४:२०

ठीक. मग नीट करू. पायऱ्या सांगतो, पण कारणासकट, नाहीतर लोक मधलीच गाळतात.

आधी तुमची सीडी कुठपर्यंत जाते ते मोजा. नीरो सीडी-डीव्हीडी स्पीड नावाचं जुनं साधन आहे, त्यात ओव्हरबर्नची चाचणी आहे. ती लेझर कमी ताकदीवर ठेवून खोबणीवरून नुसती चालत जाते, काही न लिहिता, आणि खोबण कुठे हरवली ते सांगते. सीडी कोरीच राहते. एका गठ्ठ्यातल्या सीड्या साधारण सारख्या निघतात, दुसऱ्या गठ्ठ्यातल्या नाहीत, मग नाव तेच असो. चाचणीचा आकडा अंतिम मानू नका. ती खोबण तपासते, शाई तपासत नाही. तुम्हाला ८२:१४ हवंय, तर चाचणीत किमान ८२:३० निघालेली सीडी घ्या. (डीव्हीडीवाले वाचत असतील तर: प्लस आरमध्ये अशी लुटुपुटूची लिहाई नसतेच, तिथे चाचणीचा मार्ग बंद.)

मग लिहिण्याची पद्धत. डिस्क-ॲट-वन्सच हवी, डीएओ. ट्रॅक-ॲट-वन्समध्ये अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी, सत्र बंद करताना लिहिली जाते. शेवटाला अडखळला तर अनुक्रमणिकाच नाही, आणि अनुक्रमणिका नसलेली सीडी साध्या प्लेअरच्या लेखी कोरी. डीएओमध्ये ड्राइव्ह आधी अनुक्रमणिका लिहिते, मग एका दमात सगळा मजकूर. काठावर घसरलात तरी आधीचं सगळं वाजतं. दुसरा फायदा, डीएओमध्ये दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची रिकामी जागा सक्तीची नाही. तुमचं सलग वाचन आहे, पाच-पाच मिनिटांवर ट्रॅकच्या खुणा टाकल्यात तरी आवाज तुटणार नाही.

नीरोत हे एक्स्पर्ट फीचर्समध्ये सुरू करावं लागतं आणि कमाल मिनिटं स्वतः भरावी लागतात. इम्गबर्न जागा कमी पडली की स्वतःच विचारतं. लिनक्सवर सीडीरेकॉर्डला ओव्हरबर्नचा पर्याय आहे, केथ्रीबीच्या सेटिंगमध्ये टिचकी आहे. कुठलंही घ्या.

वेग कमी. ५२ पट वेगाची ड्राइव्ह काठावर पोचते तेव्हा तबकडी मिनिटाला १० हजारांहून जास्त फेरे घेत असते, आणि डगमग काठालाच सगळ्यात जास्त. १६ पटीवर तेच फेरे तीन हजारांच्या घरात येतात. १६ पट पुरे, ८ असेल तर ८.

चकरी | रविवार, दुपारी ४:४१

आणि रायटर मोडायची भीती? मूळ प्रश्नात होतं ते.

सेक्टर२३५२ | रविवार, दुपारी ४:५८

राहिलंच. लेन्सची गाडी एका रुळावर सरकते, रुळाला टोक असतं. काही जुन्या ड्राइव्ह त्या टोकाला जाऊन धडकत राहायच्या, करकर आवाज यायचा. असा आवाज आला तर चाचणी तिथेच थांबवा. पण अंतर बघा किती आहे. काठाजवळ एका फेरीची लांबी ३६४ मिलिमीटर. त्रिज्येतल्या एका मिलिमीटरमध्ये साधारण २०० सेकंद मावतात, ३१ एमबीच्या आसपास. तुमचे १३७ सेकंद म्हणजे गाडी नेहमीपेक्षा पाऊण मिलिमीटरसुद्धा जास्त जात नाही. एवढं सगळं महाभारत पाऊण मिलिमीटरसाठी चाललंय!

जुनाखोका | रविवार, संध्याकाळी ६:१०

अवांतर: त्या पाऊण मिलिमीटरसाठी कंपन्यांनीही काय काय केलं. सोनीने २००० साली दुप्पट घनतेची सीडी आणली, १.३ जीबी, पण तिला रायटरही वेगळा आणि कोऱ्या सीड्याही वेगळ्या. कोण घेतो? प्लेक्स्टरच्या प्रीमियम रायटरमध्ये गिगारेक नावाची सोय होती, खड्डेच आखूड पाडायचे, १.४ पटीपर्यंत. ७०० च्या सीडीत जवळपास ९८० एमबी. सान्योचं एचडी-बर्न तर साध्या सीडीत दुप्पट भरायचं. सगळ्याची गत एकच, दुसऱ्याच्या ड्राइव्हवर वाचलं जाईल याचा भरवसा नाही. तोवर डीव्हीडी स्वस्त झाली आणि सगळे मुकाट तिकडे गेले.

आणि ती सिनेमावाली युक्ती आठवते का कुणाला? ७०० च्या सीडीत ७९० एमबीचा सिनेमा?

सेक्टर२३५२ | रविवार, संध्याकाळी ६:३५

माझं नावच त्यावरून आहे. सीडीचा सेक्टर मुळात २३५२ बाइटचा. ऑडिओत ते सगळे आवाजाला. डेटात २०४८ तुमचे, बाकीच्यातले २७६ चूक दुरुस्त करायच्या जादा संकेताचे, आणि उरलेले पत्ता वगैरे किरकोळ. व्हिडिओ सीडीवाली पद्धत, मोड २ फॉर्म २, तो जादा संकेतच टाकून देते आणि सेक्टरमागे २३२४ बाइट वापरायला देते. ३,६०,००० सेक्टरांचे झाले ७९८ एमबी. एकही सेकंद ओव्हरबर्न न करता! सिनेमात एखादा ठिपका चुकला तर पडद्यावर क्षणभर चौकोन दिसतो आणि जातो. झिप फाइल अशी लिहिलीत तर एका बाइटने अख्खी फाइल निकामी होते. म्हणून ही युक्ती चित्राला ठीक, कागदपत्रांना नाही.

अर्धीफीत, तुमच्या आवाजाला हाच न्याय लागतो. ऑडिओ सीडीत तो जादा संकेत मुळातच नसतो. काठावर चूक झाली तर प्लेअर मागचापुढचा आवाज बघून अंदाजाने भरतो, फारच झालं तर टिक्क. त्यामुळे ऑडिओ ओव्हरबर्न डेटापेक्षा क्षमाशील असतं.

धूळपाटी | रविवार, रात्री ८:५०

एक सुचवते. शेवटच्या दोन मिनिटांत काय आहे? आमच्याकडे नियम आहे, धोक्याच्या जागी कमी मोलाचं ठेवायचं. डेटा असेल तर फाइलींचा क्रम बदलता येतो. तुमच्याकडे शेवटी नुसती शांतता किंवा कॅसेटची खरखर असेल तर तीच काठावर जाऊ दे, किंवा कापा.

अर्धीफीत | रविवार, रात्री ९:१५

शेवटी वाचन संपतं, मग वही मिटल्याचा आवाज, मग चाळीसेक सेकंद काही नाही, नुसतं भिंतीवरचं घड्याळ. मग बाबा विचारतात, "चालूच आहे का अजून?" आणि आईचा हसण्याचा आवाज येता येता कॅसेट बंद.

कापायचं असतं तर ते आधीच कापलं असतं.

धूळपाटी | रविवार, रात्री ९:१८

नका कापू.

सेक्टर२३५२ | रविवार, रात्री ९:४०

तसं असेल तर ते वाक्य सीडीच्या सुरुवातीला वेगळा ट्रॅक म्हणून पुन्हा ठेवा असं म्हणणार होतो, पण त्याने आणखी सेकंद वाढतील. राहू दे. चांगला गठ्ठा शोधा.

अर्धीफीत | बुधवार, रात्री १०:०५

हजेरी लावतो.

घरातल्या जुन्या गठ्ठ्याची चाचणी ८१:१९ ला संपली. बाद. दुसऱ्या गठ्ठ्याची ८२:४४. रायटरने करकर केली नाही. डीएओ, १६ पट, वरच्या मर्यादेत ८२:२० भरले. काम ९९ टक्क्यांवर जाऊन बराच वेळ थांबलं, मग सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत सांगितलं की लीड-आउट लिहिताना चूक झाली. मी हबकलोच. पण सीडी परत घातल्यावर सगळे १७ ट्रॅक दिसले.

चकरीभाऊंचं ऐकून दुसऱ्या ड्राइव्हवर परत वाचून घेतली आणि मूळ फाइलशी ताडली. जुळली नाही! चेकसम (फाइलीच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला ओळखीचा आकडा) पूर्ण वेगळा. हे कसं? कानाला तर तसूभर फरक नाही.

सेक्टर२३५२ | बुधवार, रात्री १०:२२

घाबरू नका. ऑडिओत प्रत्येक ड्राइव्ह वाचताना आणि लिहिताना थोडी पुढेमागे सरकते, काहीशे सॅम्पलने (आवाजाच्या सुट्या नमुन्यांनी). सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतात, म्हणजे कानाला शून्य फरक, पण चेकसमला पुरेसा. आवाजाच्या संपादकात दोन्ही फाइली एकाखाली एक ठेवा, सरकवून जुळवा, एक उलटी करून मिळवा. सपाट रेघ आली की काम झालं.

लीड-आउटची तक्रार अपेक्षितच होती. त्याला जागाच उरली नाही.

अर्धीफीत | बुधवार, रात्री ११:१६

सपाट रेघ. अगदी शेवटाला एक-दोन ठिपके वर येतात, घड्याळाच्या टिकटिकीत. बाकी काही नाही.

चकरी | बुधवार, रात्री ११:१९

अभिनंदन! आता आत्याच्या प्लेअरवर काय होतं ते कळवा. खरी परीक्षा तीच.

अर्धीफीत | रविवार, संध्याकाळी ७:३०

आज आत्याकडे जाऊन आलो. तिने स्वतः बटण दाबलं. सीडी ओळखायला प्लेअरने नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला, पण ओळखली. आम्ही दोघं पूर्ण ८२ मिनिटं बसून होतो. शेवटचं वाक्य स्पष्ट आलं, आईचं हसणंही आलं. त्यानंतर प्लेअर दहा-पंधरा सेकंद घरघरला, लीड-आउट शोधत असावा, आणि थांबला.

आत्या म्हणाली, "हे घरघरणं पण तेव्हाचंच का रे?"

सेक्टर२३५२ | रविवार, संध्याकाळी ७:४४

तिला शेवटाकडून मागे जायचं बटण दाबू नका म्हणावं. लीड-आउट नसला की काही प्लेअर तिथे गोंधळतात. पुढून लावली की काही नाही.

आळशी_उंट | रविवार, संध्याकाळी ७:५०

दुसरी प्रत काढलीत ना?

अर्धीफीत | रविवार, संध्याकाळी ७:५२

त्याच गठ्ठ्यातून तीन.